हिरवे आकडे आणि खाल्लेला टायर

पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेवरून बोटं फिरवली आणि तार टोचली. बाहेरून टायर ठणठणीत होता. नक्षी शिल्लक होती, अजून वीस हजार किलोमीटर सहज गेला असता. आत मात्र रबर संपून तारा उघड्या पडलेल्या. गंमत म्हणजे गाडीच्या खणात अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन तपासून नीट केल्याचे, चार कागद पडलेले होते, दर पाच हजार किलोमीटरला एक, आणि चारही कागदांवर सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेच्या आत.

मी भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं मापं तपासण्याच्या खात्यात काढली. ड्रॉइंगवर एक आकडा, हातात एक वस्तू, दोन्हींचं जमतं की नाही ते बघायचं, एवढंच काम. तरीही हे कागद मी कधी वाचले नव्हते. हिरवं दिसलं की घडी घालून खणात. टायर हातातून गेल्यावर ते चारही कागद जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो. त्यातून जे समजलं ते इथे मांडतोय.

कागदावर शब्द बरेच असतात, कामाचे तीन: टो, कॅम्बर आणि कास्टर. टायर खाण्यात टोचा वाटा सगळ्यात मोठा, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली उभ्या गाडीकडे बघताय आणि बॉनेट काचेचं आहे असं समजा. पुढची दोन्ही चाकं वरून दिसतील. त्यांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलेली असतील तर तो टो-इन, बाहेर फाकलेली असतील तर टो-आउट. काही माणसं पावलं आत टाकत चालतात, काही बाहेर टाकत, तसंच हे. दोन्ही चाकं अगदी समांतर असली की टो शून्य.

आता बैलजोडी डोळ्यांसमोर आणा. जू एकच, पण डावा बैल उजवीकडे ओढतोय आणि उजवा डावीकडे. गाडी कुठे जाईल? सरळच जाईल, कारण दोघांची ओढ एकमेकांना मारते. गाडीवानाला काही कळणारही नाही. खूर मात्र झिजतील. टो बिघडल्यावर नेमकं हेच होतं. गाडी एका बाजूला ओढत नाही, आवाज करत नाही, स्टिअरिंग थरथरत नाही. टायर तेवढे गुपचूप संपत जातात. म्हणूनच ‘माझी गाडी ओढत नाही, मग अलाइनमेंट कशाला’ हा युक्तिवाद फसवा.

थोडा हिशेब करू. १७५/६५ आर १४ हे छोट्या गाड्यांच्या टायरचं नेहमीचं माप. त्याचा व्यास साधारण ५८३ मिलिमीटर. दोन चाकांमधलं अंतर पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूला मोजलं, आणि त्यात फक्त २ मिलिमीटरचा फरक निघाला, तर दोन्ही चाकांचा मिळून कोन होतो सुमारे १२ मिनिटं, म्हणजे प्रत्येकी ६. हे मिनिट घड्याळातलं नव्हे. एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मिनिट. म्हणजे प्रत्येक चाक अंशाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याने वळलेलं. डोळ्याला दिसणं अशक्य. तरी या हिशेबाने ते चाक दर किलोमीटरला पावणेदोन मीटर आडवं जाऊ पाहतं आणि गाडी त्याला जाऊ देत नाही. दहा हजार किलोमीटरमध्ये ही आडवी ओढाताण सतरा किलोमीटरच्या वर जाते. रबर लवचीक असल्यामुळे त्यातली बरीचशी टायर अंगावर घेतो, सगळी घासण्यात जात नाही. त्यामुळे २ मिलिमीटर बऱ्याच गाड्यांना पचून जातात. पण फुटपाथला चाक आपटून तेच ५ झाले, तर हिशेब अडीचपट होतो आणि मग पचत नाहीत.

मग सगळ्या गाड्यांचा टो शून्यच का ठेवत नाहीत? कारण उभी गाडी आणि धावती गाडी यांत फरक पडतो. सांध्यांमधले रबरी बुश थोडे दबतात. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जात असेल, तर पुढची चाकं नुसती ढकलली जातात आणि पुढून किंचित फाकतात. म्हणून अशा गाडीला उभी असताना थोडा टो-इन देतात. पुढचीच चाकं गाडी खेचत असतील तर ती उलट आत वळू बघतात. मग टो शून्याच्या आसपास, कधी किंचित बाहेर. धावताना चाकं समांतर यावीत एवढाच उद्देश. नेमका आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि कंपनीनेच दिलेला असतो.

कॅम्बर लवकर समजतो. गाडीच्या समोर उभे राहा. चाकाचं डोकं आत कललेलं असेल तर कॅम्बर उणे, बाहेर कललेलं असेल तर अधिक. रोजच्या गाड्यांत तो बहुतेक शून्य ते उणे एक अंशाच्या दरम्यान असतो. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, त्या वेळी टायर रस्त्यावर सपाट टेकावा म्हणून ही आधीपासूनची तिरकी बैठक. कॅम्बर प्रमाणाबाहेर गेला की टायरची एकच कड खाल्ली जाते. आणि डाव्या-उजव्या चाकांच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाच्या वर फरक पडला, तर ज्या बाजूचा कॅम्बर जास्त ‘अधिक’ असेल त्या बाजूला गाडी ओढू लागते.

कास्टर बघायला गाडीच्या बाजूला जा, नाहीतर सरळ सायकलीकडे बघा. सायकलीचा पुढचा चिमटा खाली येताना पुढे झुकलेला असतो. हँडलची रेषा तशीच जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे टेकेल. म्हणजे चाक त्या रेषेच्या मागून ओढलं जातं आणि मागून ओढली जाणारी वस्तू आपोआप सरळ होते. मॉलमधल्या ट्रॉलीचं चाक ढकलताच गर्रकन फिरून मागे जातं, ते याच कारणाने. दोन्ही हात सोडून सायकल चालवता येते त्यामागे हेही एक कारण आहे. वळण संपल्यावर गाडीचं स्टिअरिंग आपसूक परत येतं ते कास्टरमुळेच. कास्टर फारसा टायर खात नाही, पण दोन्ही बाजूंना वेगवेगळा असेल तर कमी कास्टरच्या बाजूला गाडी ओढते.

आणि या तिन्हींपैकी तुमच्या गाडीत फिरवून बदलता येतो बहुधा फक्त टो!

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकाच खांबात) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई) असतो. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनिअर. त्याची ही रचना १९५० च्या सुमारास इंग्लंडमधल्या फोर्डच्या गाड्यांत आली, आणि सुटे भाग कमी, जागा कमी, खर्च कमी म्हणून जगभर पसरली. या रचनेत कॅम्बर आणि कास्टर बऱ्याच गाड्यांना कारखान्यातच ठरून येतात. मागच्या बीमला तर फिरवायला काहीच नसतं. इनोव्हा क्रिस्टासारख्या मोठ्या गाड्यांत पुढे चाकाला धरणारे वर-खाली दोन आर्म असतात आणि तिथे कॅम्बर-कास्टरलाही समायोजन मिळतं. पण हॅचबॅकवाल्याला कुणी ‘काका, कॅम्बर पण सेट करून दिला’ म्हणालं, तर कुठला बोल्ट फिरवला ते कौतुकाने विचारावं. छोट्या गाडीचा कॅम्बर बिघडला असेल, तर बहुतेक वेळा काहीतरी वाकलेलं किंवा झिजलेलं असतं. त्यावर उपाय म्हणजे तो भाग बदलणं.

आता ही मापं घेतात कशी? रॅम्पवर पुढच्या चाकांखाली फिरत्या थाळ्या असतात आणि मागे सरकत्या पट्ट्या, म्हणजे चाकं मोकळेपणाने हलू शकतात. चारही रिमांना चिमटे लावून त्यांवर ठिपक्यांच्या पाट्या बसवतात. समोरचे कॅमेरे त्या पाट्या बघतात. मग गाडी थोडी मागे ढकलतात आणि परत पुढे आणतात. हा सोपस्कार वाटतो, पण चिमटा वाकडा बसला असेल किंवा रिमच थोडी वाकडी असेल, तर ती चूक या ढकलाढकलीत पकडली जाते आणि हिशेबातून वजा होते. कास्टर थेट मोजता येत नाही. स्टिअरिंग ठरावीक अंशांत डावीकडे-उजवीकडे फिरवून, त्या दरम्यान कॅम्बर किती बदलला त्यावरून तो काढतात. ही फिरवाफिरव झाली नसेल आणि कागदावर कास्टरचे आकडे असतील, तर ते आले कुठून हा प्रश्न उरतो.

मुख्य काम खाली वाकून होतं. आधी स्टिअरिंग सरळ करून सीटला टेकवलेल्या दांडीने जखडतात. मग गाडीखाली, टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकाला पोचवणारा दांडा) जिथे चाकाला जाऊन मिळतो तिथला चेकनट सैल करतात, रॉडवर पाना लावून तो फिरवतात, आणि वर स्क्रीनवर लाल आकडा हळूहळू हिरवा होतो. रॉड फिरला की आटे आत-बाहेर होतात, रॉडची लांबी कमी-जास्त होते आणि चाकाचं तोंड वळतं. बास, एवढंच. पूर्ण अलाइनमेंट म्हणजे छोट्या गाडीत डावा आणि उजवा असे दोन रॉड. मात्र दोन्ही फिरवावे लागतात. घाईतला माणूस एकच फिरवतो. मग टोची बेरीज बरोबर येते, कागद हिरवा होतो, आणि तुम्ही रस्त्यावर आलात की गाडी सरळ जाते पण स्टिअरिंगवरचं बोधचिन्ह मान वाकडी करून बसलेलं. तक्रार केली तर काही ठिकाणी स्टिअरिंगचं चाकच उपटून सरळ बसवून देतात. ते करू देऊ नका. वाकडं स्टिअरिंग खाली टाय रॉडवर दुरुस्त होतं, वर नाही. रॉडवरच्या रबरी बुटाची क्लिपही आधी सैल करावी लागते, नाहीतर रॉडबरोबर बूट पिळवटतो, पुढे फाटतो आणि आत पाणी-धूळ शिरते.

कागद वाचताना ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने आहेत का ते बघा. नुसता ‘नंतर’चा कागद म्हणजे फक्त निकाल, मूळ उत्तरपत्रिका नाही. दुसरं, आकडा मिनिटांत आहे की दशांशात ते बघा. ०°१०′ आणि ०.१०° दिसायला सारखे, पण पहिला जवळपास पावणेदोनपट मोठा. मागच्या चाकांच्या रकान्यात थ्रस्ट अँगल म्हणून एक ओळ असते. मागची चाकं मिळून गाडीला कुठल्या दिशेला ढकलताहेत, ते ती सांगते. तो शून्यापासून लांब असेल तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. रस्त्यावर एखाद्या टेम्पोच्या मागे असताना त्याची डावी बाजू जरा जास्तच दिसते ना, तोच प्रकार.

आता थोडं अलाइनमेंटच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या तक्रारींविषयी. ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, त्याच्या अलीकडे-पलीकडे थांबतं, तर संशय आधी बॅलन्सिंगवर, म्हणजे चाकाच्या वजनाच्या तोलावर. रिमवर शिशाची किंवा लोखंडाची छोटी वजनं लावून ते बरं होतं. गाडी एका बाजूला ओढते, तर सगळ्यात आधी हवा तपासा. मग ब्रेक अडकतोय का बघा. थोडं चालवून एका चाकाची रिम दुसरीपेक्षा फार तापली असेल तर तो अडकतोय. मग पुढचे दोन टायर आपसांत बदलून बघा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा. (बाजूवर बाण असलेले एकाच दिशेचे टायर असे अदलाबदल करायचे नसतात.) आणि रस्त्याचाही विचार करा. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्त्यांना कडेकडे उतार दिलेला असतो, मीटरला दोनेक सेंटीमीटर. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे स्टिअरिंग सैल सोडलं की गाडी हलकेच डावीकडे सरकणारच. एक्सप्रेसवेवर स्टिअरिंग सोडून अलाइनमेंट तपासणारे महाभाग मी शेजारच्या सीटवर बसून बघितले आहेत. त्यातून उताराची माहिती मिळते आणि शेजाऱ्याचा रक्तदाब कळतो.

टायर स्वतःच बरंच सांगतो. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. जागोजागी वाटीसारखे खोलगट खड्डे पडले असतील तर शॉक अब्सॉर्बर बघायचे. नक्षीवरून हात आडवा फिरवा, एकदा आत आणि एकदा बाहेर. मांजराच्या अंगावरून सुलटा हात फिरवल्यावर मऊ लागतं आणि उलटा फिरवल्यावर केस उभे राहतात, तसं एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो. हात हळू फिरवा, माझ्यासारखी तार टोचून घेऊ नका. आतली कड उभ्या गाडीत दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागून बघावी लागते. मी ते दोन वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

तर मग सगळे आकडे हिरवे असताना माझा टायर कुणी खाल्ला?

हे उत्तर मला यंत्राने दिलं नाही. कोथरूडला आमच्या घराजवळ एक जुने मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे कॅमेरे नाहीत, एक जॅक आणि एक टॉमी (लोखंडी पहार) आहे. त्यांनी गाडी उचलली, चाकाला घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं. टाय रॉड घट्ट होता. मग बारा आणि सहाला धरून हलवलं. बेअरिंगही घट्ट. मग लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, मागच्या रबरी बुशापाशी टॉमी घालून दाबली, आणि आर्म चांगला बोटभर मागे सरकला.

“साहेब, खड्ड्यात गेल्यावर खट्ट असा आवाज येतो का?”

येत होता. दोन पावसाळे येत होता. डिकीतल्या जॅकचा असेल म्हणून मी जॅक फडक्यात गुंडाळून ठेवला होता.

झालं होतं असं. रॅम्पवर गाडी शांत उभी असते, तेव्हा फाटलेला बुशही आपल्या जागी बसलेला असतो. कॅमेरा मोजतो ते माप खरंच असतं. रस्त्यावर ब्रेक मारला की चाक मागे रेटलं जातं, आर्म सरकतो आणि चाकाचं तोंड बाहेर वळतं. पौड रोडवरचे सिग्नल आणि गतिरोधक धरले तर दिवसातून शंभरदा ब्रेक लागतो. शंभरदा टो बिघडायचा आणि पाय काढला की परत जागेवर यायचा. कारखान्यात आम्ही ढिल्या फिक्स्चरवर बसवलेल्या नगाचं माप कधीच धरलं नसतं. स्वतःच्या गाडीचं मात्र चार वेळा धरलं. नाना पेठेतून बुश आणले, मिस्त्रींनी बसवले, त्यानंतर अलाइनमेंट केली, कारण आर्म उघडला की ती परत करावीच लागते. टाय रॉड, स्टिअरिंगचा रॅक किंवा स्ट्रट उघडलं तरीही.

म्हणून आता रॅम्पवर गाडी चढवण्याआधी मी एकच सांगतो: आधी हवा आणि प्ले, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा, बघा, मग पाट्या लावा. काही ठिकाणी तोंड वाकडं करतात. तिथून मी गाडी काढतो. नव्या गाड्यांत घसरण रोखणारी यंत्रणा असते, तिला स्टिअरिंगचा कोन कळावा लागतो. त्यामुळे अलाइनमेंटनंतर तो सेन्सर शून्यावर आणला का, हेही विचारायचं.

किती दिवसांनी करावी? दर पाच हजारला करायला सांगणं हे दुकानाच्या तब्येतीला बरं. कंपनीच्या पुस्तकात जे अंतर दिलंय ते पाळावं, आणि मधे जबर आपटलं किंवा नवे टायर घातले तर लगेच. मी स्वतः दिवाळीनंतर करतो. जूनमध्ये केलेली अलाइनमेंट खड्डे पाण्याखाली गेले की जुलैत कुठे जाते ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

मधल्या काळात घरी तपासायची एक पद्धत आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा, एक खडू, एक मेजर टेप आणि टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी. गाडी तीन-चार मीटर सरळ पुढे घेऊन थांबायची, रिव्हर्स अजिबात घ्यायचा नाही, कारण त्याने सांधे उलट्या बाजूला दबतात. स्टिअरिंग सरळ. दोन्ही पुढच्या टायरांच्या मागच्या बाजूला, नक्षीच्या मधल्या खाचेवर, जमिनीपासून सारख्या उंचीवर खडूची खूण करायची. धुरीच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, उंचीवर टेप गाडीच्या पोटात अडकतो, म्हणून जिथून आरपार जातो तेवढंच खाली यायचं. अंतर लिहून ठेवायचं. मग गाडी हळूच अर्ध्या फेऱ्याहून थोडी जास्त पुढे ढकलायची, या मापाच्या टायरला ९० सेंटीमीटरच्या वर, त्याच खुणा पुढच्या बाजूला तेवढ्याच उंचीवर येईपर्यंत. परत मोजायचं. खुणा त्याच असल्यामुळे टायरचा वाकडेपणा हिशेबात येत नाही. दोन मापांतली वजाबाकी म्हणजे टो. धुरीच्या खाली मोजल्यामुळे तो खऱ्यापेक्षा थोडा कमी येतो, तेवढं लक्षात ठेवायचं.

नव्या बुशांनंतर परवा मोजला. टेपचं एक टोक सातवीतल्या नातवाकडे होतं. मागे १३४१ मिलिमीटर, पुढे १३४०. नातू म्हणाला, “आजोबा, एक मिलिमीटर चुकलं.” त्याला म्हटलं, तू टेप धरलेला आहेस, एक मिलिमीटर तुझाच असू शकतो. तीन आले असते तर गाडी रॅम्पवर नेली असती.